प्रोफेसरची मूठ

लिहायला बसलोय याबद्दल आधी माफी मागतो. आमच्या घरात माझ्याआधी कुणी कॉलेजची पायरी चढलेलं नाही आणि माझ्या नावावर आजवर फक्त इंजिनिअरिंगची जर्नल्स आहेत. पण उस्मानकाकांबद्दल दुसरं कुणी लिहील असं वाटत नाही. त्यांनाच लिहायला सांगितलं, तर ते आधी म्हणतील, "पाय दाखव."

हे ते सगळ्यांनाच म्हणायचे. नमस्कार नाही, सलाम नाही, थेट पाय. एकदा लिफ्टमध्ये एका अनोळखी गृहस्थाला म्हणाले, तर त्या बिचाऱ्याने सहाव्या मजल्यापर्यंत दोन्ही बूट काढले होते.

काका सुदानचे. सहा फूट उंच, काळेभोर, शुक्रवारी पांढराशुभ्र पायघोळ झगा. तरुणपणी बी.कॉम. करायला पुण्यात आले आणि पाच वर्षं खडकीत भाड्याने राहिले. बी.कॉम. अर्धवट राहिलं, मराठी मात्र पूर्ण झाली. माझे बाबा रास अल खोरच्या एका गोदामात स्टोअरकीपर, काका तिथेच पिकअप चालवायचे. शारजात अल नहदाला आमचा मजलाही एकच. मी पहिल्यांदा 'अंकल' म्हटलं तेव्हा म्हणाले, "अंकल तुझे इंग्रज. मी काका. खलास."

काकांना शुगर होती. त्यांच्या ओळखीच्या आणखी सहा सुदानी ड्रायव्हर-वॉचमन मंडळींनाही होती. सगळे बायकामुलं गावी ठेवून आलेले. दर शुक्रवारी नमाजानंतर ही मंडळी काकांच्या खोलीत जमायची. पहिल्या शुक्रवारी आईने दाराच्या भोकातून ते सात पांढरे झगे पाहिले आणि साखळी लावली. चौथ्या शुक्रवारी ती त्यांना ताक पाठवत होती.

क्लिनिकने सगळ्यांना एकच कागद दिला होता : दोन चपात्या, एक वाटी डाळ. महिन्याने सगळ्यांची शुगर वाढली. काकांनी चौकशी केली, तर मंडळी रोजचं जेवण पोटभर जेवून वर दोन चपात्या पाण्याबरोबर गिळत होती, गोळ्यांसारख्या.

"औषध म्हणून लिहून दिलंय ना," ताक घेऊन दारात आलेल्या माझ्याकडे बघत इद्रिस हिंदीत म्हणाला. इद्रिस सोनापूरच्या मजुरांच्या कॅम्पवर वॉचमन होता आणि दारातून तिरका होऊन आत यायचा. "तुम्हारे देश की दवा हमको लगती नहीं."

काका हसून हसून पलंगावर आडवे झाले. मग उठून मला हाक मारली. "प्रोफेसर, वही आण. आपला कागद आपण लिहू."

अशी माझी नेमणूक झाली. कागदावर त्यांच्या घरचं जेवण आलं : नाश्त्याला फूल, म्हणजे शिजवलेले मोठे वाल, एक वाटी. असीदा, म्हणजे आपल्या उकडीसारखा पिठाचा गोळा, मुठीएवढा. इथे भांडण पेटलं. इद्रिसची मूठ नारळाएवढी. तो म्हणाला, माझं पोट, माझी मूठ. बाकीचे म्हणाले, मग आम्हीही इद्रिसची मूठ घेणार.

काकांनी निकाल दिला. "प्रोफेसरची मूठ. विषय संपला."

तेव्हापासून दर शुक्रवारी मी ताटाशेजारी मूठ ठेवून बसायचो. माझी मूठ अगदीच किरकोळ. इद्रिस तिच्याकडे बघून उसासे टाकायचा आणि आईला सांगायचा, "भाभी, इसको कुछ खिलाओ."

शेवटी पाय. क्लिनिकच्या कागदावर होतं, पाऊल लाल दिसलं तर दाखवा. काका म्हणाले, "आमच्या कातडीवर लाल कुठे दिसणार? हात लावून बघा. एक जागा जास्त गरम लागली की समजा." आपला तळवा आपल्याला नीट दिसत नाही, म्हणून प्रत्येकाला एक जोडीदार. सहा जणांच्या तीन जोड्या. काका उरलेले. "मी साहेब," म्हणायचे.

मग मंदी आली. बांधकामं थांबली. इद्रिसच्या जोडीदाराची कंपनी बंद पडली आणि तो गावी गेला. मला वाटलं, आता इद्रिसला काका. पण पुढच्या शुक्रवारी त्यांनी माझ्या बाबांनाच ओढून आणलं. "सावंतराव, तुमची शुगर बॉर्डरवर आहे. बसा. यल्ला, चला, इद्रिसचा पाय धरा."

काका पुन्हा उरले. दोन वर्षं मी त्या खोलीत मूठ ठेवून बसलो, पण काकांचे मोजे उतरलेले कधी पाहिले नाहीत, हे मला त्या दिवशी कळलं.

महिनाभरात गोदामातही कामावरून कमी केलेल्यांची यादी लागली. काकांचं नाव होतं. ते गावी निघायच्या दिवशी आम्ही त्यांच्या खोलीत गेलो. बाबा जमिनीवर बसले.

"उस्मानभाई, पाय दाखवा."

"सावंतराव, फ्लाइट आहे."

"संध्याकाळी आहे."

इद्रिस दारात उभा राहिला, म्हणजे दार संपलंच. काकांनी मोजा काढला. डाव्या तळव्याला रुपयाएवढी जखम होती. किती दिवसांची, ते त्यांनाही सांगता येईना. दुखतच नव्हतं.

"लंगडा ड्रायव्हर यादीत पहिला जातो," ते म्हणाले. मग माझ्याकडे न बघता म्हणाले, "आणि जोडीदार जातात रे, प्रोफेसर."

बाबांनी त्यांना क्लिनिकमध्ये नेलं. डॉक्टरांनी पट्टी बांधली आणि बजावलं, उतरल्या उतरल्या इलाज सुरू करा, नाहीतर पाऊल जाईल. निघताना काकांनी वहीतल्या कागदावर पेन्सिलीने माझ्या मुठीची कड आखून घेतली आणि घडी खिशात टाकली.

त्यानंतर त्यांचा फोन लागला नाही. बाबा दर शुक्रवारी लावायचे. मग नुसता हातात धरून बसायचे.

वर्ष उलटलं. परवा इद्रिस सुट्टीत गावी काकांना भेटून परतला आणि तिरका होऊन आमच्या दारातून आत आला. बसलाही नाही. काकांच्या डाव्या पायाचं एक बोट गेलं, म्हणाला, पाऊल शाबूत आहे. भिंतीवर माझ्या मुठीचा तो कागद लावला आहे. गल्लीतले दहा जण जमतात, आणि मोजा पहिला काका काढतात.