पाचशे शहात्तरचा गड फत्ते जाहला

श्रीगजानन व कुलस्वामिनी यांसी साक्ष ठेवून, शके एकोणीसशे सत्तेचाळीस, वैशाखमासी डोंबिवली मुक्कामी जे तुंबळ जाहले त्याची हकीकत यथामती लिहिली असे. उणेअधिक शेवंताबाईसाहेब स्वमुखे सांगतीलच, न सांगता राहावयाच्या नव्हेत.

ते दिवशी सूनबाई जागृतीबाई व नात संचिता यांसी कोकणात माहेरी न्यावया बंधू सुदेशराव कल्याणाहून मूळ म्हणोन आले. ठाण्याचे खोपट आगारातून चारची एसटी. परंतु सूनबाईंचे फर्मान सुटले की, सुट्टीचा अभ्यास पुरा होईतो कोणी उंबरठा ओलांडू नये. मग संचिताबाईंनी एकोणीस गणिते कापून काढिली आणि विसाव्यापाशी शिकस्त खाल्ली : पाचशे शहात्तरचे वर्गमूळ. मोबाइल जप्त होता. एसटी चुकणार, आजोळ बुडणार, म्हणोन डोळे भरले.

बाईसाहेब दुसरी यत्ता पास. वर्गमूळ येईना म्हणोन नात रडते, हा मामला त्यांस उमगेना. हुकूम जाहला, "अगं, मूळ केव्हाचं आलंय! सोफ्यावर बसून पोहे खातंय!"

सुदेशरावांसी ठसका लागला.

"आजी, मामा नाही गं! कुठल्या नंबरला त्याच नंबरने गुणलं की पाचशे शहात्तर येतात, ते शोधायचंय."

मग बाईसाहेबांचे दृष्टीपुढे गच्चीवरील पापडांची फौज उभी ठाकली, जितक्या रांगा तितकेच रांगेत, आणि मग त्या कंबर कसून गरजल्या, "एवढंच? मग वाळवण म्हण की! वीस रांगांचे चारशे पापड, पंचवीस रांगांचे सव्वासहाशे. म्हणजे तुझं घोडं मधेच कुठंतरी अडलंय. आता शेपटाला सहा आहे ना? एकवीस, बावीस, तेवीस, चोवीस. यांतल्या कुणाचं शेपूट स्वतःशी गुणून सहावर येतं?"

"चार चोक सोळा... आजी, चोवीस!"

सूनबाई बीएस्सी. त्यांनी जप्त मोबाइल काढून पडताळा घेतला आणि नरमून अर्ज केला, "आई, हे तुम्हाला कुणी शिकवलं?"

"कुणी शिकवलं नाही, म्हणून तर येतं."

येणेप्रमाणे वैशाख वद्य पंचमीस, दोन प्रहरी सव्वा वाजता, पाचशे शहात्तरचा गड चोवीस या नावे वहीत दाखल जाहला आणि फौज रिक्षाने कूच करिती जाहली. आता पंधरा दिवस घर निवांत, ऐसे बाईसाहेबांनी शेजारच्या मंजुळाबाईंस मोठ्याने कळविले, आणि रिक्षा दिसेनाशी होऊन घटका लोटली तरी खिडकी सोडिली नाही.