चारी बाजूंनी एकच आवाज

आपल्यासारखा कान साऱ्या गल्लीत दुसऱ्या कुणाला नाही, असा चष्मेवाल्यांचा ठाम दावा होता. त्यांच्या बायकोला तो कधीच पटला नाही, कारण तिने सांगितलेली एकही गोष्ट त्या कानात टिकत नसे.

त्यांनी हॉलमध्ये दोन स्पीकर आणून उभे केले होते. दाराएवढे उंच आणि दाराएवढेच सपाट. खोका नाही, काही नाही. आत धातूची पातळ पट्टी थरथरायची आणि गाणारा माणूस जणू समोर येऊन उभा राहायचा. आता मागच्या कोपऱ्यांत त्यांच्याशी जुळणारे दोन छोटे स्पीकर हवे होते. दुकानदाराने तीन जोड्या घरी नेऊन ऐकायला दिल्या.

"जी जुळेल ती ठेवा," तो म्हणाला. "पण एक लक्षात असू द्या. हे पट्टीचे स्पीकर जेवढं पुढे बोलतात तेवढंच मागेही बोलतात. त्यांच्या पाठीशी मोकळी जागा ठेवा."

चष्मेवाल्यांनी ते सरळ उघड्या खिडकीला पाठ करून उभे केले. याहून मोकळी जागा कुठली मिळणार!

जुळणी तपासायला रोजच्या ओळखीचा आवाज हवा. रविवारी बायको बाहेर निघाली, तेव्हा त्यांनी मोबाईल तिच्यापुढे धरला.

"मिनिटभर काहीही बोल. आज दिवसभर मी हेच ऐकणार आहे."

"दिवसभर? नक्की?" ती थबकली. अशी संधी लग्नानंतर पहिल्यांदाच आली होती. तिने घसा साफ केला. "अहो, पाच वाजता मी आमच्या मॅडमना चहाला घेऊन येतेय. माझी बढती त्यांच्या हातात आहे. बाई भारी खडूस आहेत, खुर्ची जरा हललेली चालत नाही. खुर्च्या धड मांडा आणि हा पसारा दिसता कामा नये."

"वा! काय स्वच्छ आवाज!" चष्मेवाले म्हणाले.

आपल्या चष्म्याच्या दुकानात गिऱ्हाइकाच्या डोळ्यांवर भिंगं बदलत ते विचारायचे, "हे बरं, का हे?" आता तेच ते स्वतःच्या कानांना विचारू लागले. पहिल्या जोडीत बायको समोर ठणठणीत होती, मागे गेली की तिला पडसं व्हायचं. दुसऱ्या जोडीत ती मागे गेली की थेट तिच्या थोरल्या भावासारखी बोलायची, आणि मेव्हण्याला पाठीशी बसवून घ्यायची त्यांची तयारी नव्हती. 'खडूस'मधला 'ख' तर मागे नुसता खोकल्यासारखा यायचा. ते पुन्हा लावत, पुन्हा ऐकत. अक्षर न् अक्षर त्यांनी पारखलं. वाक्यांकडे लक्ष द्यायला सवड कुणाला होती?

खिडकीतून मात्र गल्लीला वाक्यंच ऐकू जात होती. दुपारपर्यंत ती सगळ्यांना तोंडपाठ झाली. खालच्या मजल्यावरचे शिंपीकाका वर आले.

"खुर्च्या किती लागतील?"

चष्मेवाल्यांना भरून आलं. अखेर गल्लीला आपल्या छंदाची किंमत कळली! "आणा काका, असतील तेवढ्या."

"न हलणाऱ्याच बघून आणतो."

आवाजात खुर्चीची कुरकुर नको, एवढी बारीक समज काकांना असेल असं त्यांना वाटलंच नव्हतं. मागोमाग काकू आल्या आणि स्पीकरच्या रिकाम्या खोक्यांवर त्यांनी जाड चादर टाकली. आवाज घुमू नये म्हणून चादर! हे तर त्यांना स्वतःलाही सुचलं नव्हतं.

तिसरी जोडी जुळली आणि त्याच क्षणी दार उघडलं. बायको मॅडमना घेऊन आत आली. मांडलेल्या खुर्च्या, झाकलेला पसारा बघून तिचे डोळे पाणावले. नवऱ्याने एकदाचं ऐकलं होतं.

"बरोबर वेळेवर आलात," चष्मेवाले आनंदाने म्हणाले. कोण आलंय हे न विचारताच त्यांनी मॅडमना मधल्या खुर्चीवर बसवलं. "डोळे मिटा आणि फक्त ऐका."

बायको "अहो, नको!" म्हणेपर्यंत बटण दाबलं गेलं होतं. बाई भारी खडूस आहेत हे आधी समोरून ऐकू आलं, मग उजवीकडून, मग पाठीमागून, मग डावीकडून. काकूंनी डोक्याला हात लावला. बायकोने बढतीवर मनातल्या मनात पाणी सोडलं.

"काही फरक जाणवला?" चष्मेवाल्यांनी श्वास रोखून विचारलं.

"नाही," मॅडम म्हणाल्या. "चारी बाजूंनी मी सारखीच खडूस आहे."

मॅडमनी डोळे उघडून बायकोकडे पाहिलं.

"ऑफिसात सगळे समोर एक बोलतात आणि पाठीमागे दुसरं. दोन्हीकडे एकच बोलणारी तुम्ही पहिली भेटलात. चहा टाका."

मंगळवारी बायको धावतच घरी आली. "अहो, झाली! बढती झाली माझी!"

चष्मेवाले डोळे मिटून मधल्या खुर्चीवर बसले होते.

"दारातून नको," ते म्हणाले, "जरा खिडकीपाशी जाऊन म्हण."