टेबल राणीच्या माहेरचं

"त्या पानावर बसू नका, मराल!"

आमच्या बेबीने हे होणाऱ्या व्याह्यांच्या अंगावर ओरडून सांगितलं, तेव्हा अंगणात साखरपुड्याची पंगत बसलेली होती. मुलाचे काका एका रिकाम्या पानाकडे सरकत होते, ते अर्धवट उठलेलेच राहिले. मुलाच्या मामाने "चला" म्हणत मांडी मोडली. आणि पंगतीच्या मधोमध भाताची परात घेतलेला गणपत वाढपी उभा होता. त्याला बाहेर यायला वाटच नव्हती, कारण पंगत गोल होती.

पंगत कधी गोल असते का? पंगत सरळ असते. एका टोकाला मान आणि दुसऱ्या टोकाला पोरंटोरं. पण आमची बेबी बी.ए. करत होती, आणि विलायतेतल्या एका मेलेल्या राजाने तिच्या डोक्यात बिऱ्हाड केलं होतं.

बेबी म्हणजे माझी नणंद. नाव बेबी, वय पन्नाशीच्या पुढे. लग्न झालेलं नाही. आमच्याच घरात राहते आणि ब्लाउज शिवते. आमचं गाव आता गाव राहिलेलं नाही. शेतं गेली, खांदा कॉलनी वाढत वाढत आमच्या कुंपणाला टेकली, आणि कॉलनीतल्या बायका बेबीकडे ब्लाउज टाकायला लागल्या. त्यांच्या मुली कॉलेजात जातात हे बघून बेबीनेही एक दिवस बाहेरून बी.ए.चा अर्ज भरला. मी म्हटलं, "आता शिकून काय करणार?" ती म्हणाली, "तू नाय शिकलीस, तू काय केलंस?" मी चौथीपर्यंतच शाळा पाहिली.

दर रविवारी ती खारघरच्या एका कॉलेजात वर्गाला जायची. तिथे इंग्रजीला एक गोष्टीचं पुस्तक होतं, सोपं करून लिहिलेलं. एक राजा, त्याने दगडात रुतलेली तलवार उपसली. त्याची राणी. त्याचा जिवलग दोस्त, जो पुढे राणीच्याच प्रेमात पडला. आणि एक म्हातारा जादूगार. त्यांची नावं माझ्या जिभेवर बसत नाहीत, म्हणून मी एवढंच लिहिते.

बाकीचे विद्यार्थी धडा वाचतात आणि पाठ करतात. बेबी त्या लोकांशी भांडायची. शिवणयंत्राच्या फळीवर पुस्तक उघडं ठेवून पाय मारायची, आणि मधेच थांबून म्हणायची, "माझं मत इचार."

"नाय इचारत."

"तरी सांगते."

हे आमच्याकडे दिवसातून कितीदा व्हायचं. जादूगाराला पुढचं सगळं दिसायचं, आणि तरी तो एका पोरीच्या नादाने गुहेत कायमचा कोंडला गेला. हे वाचल्यावर बेबीने कात्री खाली ठेवली. "वयनी, याला पुढचं दिसत होतं ना? मग गुहा नाय दिसली? आपल्या गावातला ज्योतिषी बरा. त्याला निदान मागचं तरी नीट सांगता येतं."

तलवारीवर तर तिचा मुळीच विश्वास नव्हता. आमची मासे कापायची मोरली, म्हणजे विळी, फळीत गंजून घट्ट बसली होती. पुतण्यांनी ओढून पाहिली, जावयाने ओढून पाहिली आणि पाठ धरून बसला. बेबीने रात्रभर तिला रॉकेल लावून ठेवलं आणि सकाळी दोन बोटांनी उपसली. "बघितलंस? राजा व्हायला रॉकेल लागतं. एवढंच."

मग त्या राजाचे सगळे शूर सरदार एक पवित्र पेला शोधायला घोड्यांवर बसून निघाले. कोण वर्षानुवर्षं परत आलं नाही, कोण मेलं. बेबी इतकी हसली की तिच्या तोंडातली टाचणी खाली पडली. "एका पेल्यापायी? आपल्याकडं दर लग्नात डझनभर पेले जातात. मी दुसऱ्या दिवशी चपला घालते, चार घरं फिरते, दुपारपर्यंत सगळे परत. यांना एक आत्या नव्हती का घरात?"

दोस्त मात्र तिला सहन होईना. ज्या दिवशी तो राजाशी बेइमान झाला, त्या दिवशी कॉलनीतल्या एका बाईच्या ब्लाउजला दोन्ही बाह्या डाव्या लागल्या. बाई भांडायला आली. बेबी तिला म्हणाली, "ताई, तुमी बाहीचं काय घेऊन बसलात, तिथं राज्य बुडालं." त्या बाईने ब्लाउज घेतला आणि पुन्हा आमच्या गल्लीत दिसली नाही.

कॉलेजातल्या तरुण मॅडमनी सगळ्यांना लिहून आणायला सांगितलं होतं की या पात्रांविषयी तुम्हाला स्वतःला काय वाटतं. बेबीने पानंच्या पानं लिहिली. मॅडमनी खाली शेरा मारला, पात्राविषयी लिहावे, पात्राला दम देऊ नये. बेबीने तो शेरा सगळ्या गल्लीला वाचून दाखवला. तिला ते कौतुकच वाटलं.

हे सगळं गमतीचं चाललं होतं, तोवर ते गोल टेबल आलं.

त्या राजाने म्हणे आपल्या सरदारांना गोल टेबलाभोवती बसवलं, म्हणजे कोणी पहिला नाही आणि कोणी शेवटचा नाही. मानपानाचं भांडणच मिटलं. हा धडा वाचला त्या दिवशी बेबीने मत दिलं नाही. यंत्र बंद. चहा समोर ठेवला तो तसाच. मला वाटलं पित्त झालं. मी आलं-लिंबू दिलं, तेही तिने मुकाट्याने घेतलं, तेव्हा मी खरी घाबरले.

संध्याकाळी ती भाजी निवडताना म्हणाली, "वयनी, ते टेबल राजाचं नव्हतं."

"मग कोणाचं?"

"राणीच्या बापानं दिलेलं. लग्नात. टेबल राणीच्या माहेरचं. आन् त्याच्यावर बसले कोण, तर सगळे बाप्ये. शेकड्यानं. राणीला एक खुर्ची नाय."

"मग?"

"मग काय मग! बापाचं टेबल, आन् ती दाराआडून बघणार कोण काय खातोय. मग ती दुसरीकडं बघणार नाय तर काय करणार?"

"म्हणून काय नवऱ्याच्या दोस्ताकडं बघायचं?"

"ते चुकलंच तिचं," बेबी म्हणाली. "पण आधी खुर्ची द्यायची, मग चूक काढायची."

त्याच सुमाराला माझ्या नातीचं, पिंकीचं, लग्न जमलं. मुलगा न्हावा शेव्याला बंदरात कामाला. माणसं चांगली, पण एक घोळ होता. मध्यस्थाने आधीच कानावर घातलं, की मुलाच्या मामाचं आणि काकांचं पहिल्या पानावरून जुनं वाकडं आहे. जो दुसरा बसेल तो उठेल, आणि त्याच्यामागे त्याची माणसं उठतील.

दुसऱ्या कोणाला हे ऐकून हसू आलं असतं. आम्हाला आलं नाही. आमच्या घरात एक लग्न असंच पंगतीतून मोडलेलं आहे. नवऱ्या मुलाच्या मामाचं पान दुसरं लागलं. मामा उठला, मामामागे वऱ्हाड उठलं, आणि वऱ्हाडामागे नवरा मुलगाही मान खाली घालून चालता झाला. मांडवात वाढलेला भात जागच्या जागी थंड झाला. त्याला खूप वर्षं झाली. पण तेव्हापासून पाहुण्यांचं पान मांडायची वेळ आली की आमच्यातले बाप्ये एकमेकांची तोंडं बघतात.

पिंकी रडकुंडीला आली. "आजी, माझं पण तसंच झालं तर?"

बेबी शिवणयंत्रावरून उठली. "नाय होणार. माझं मत इचारा."

कोणी विचारलं नाही. तरी तिने सांगितलं, आणि दुसरं काहीच सुचत नसल्यामुळे आम्ही ऐकलं.

तर साखरपुड्याच्या दुपारी बेबीने खडूने अंगणात मोठा गोल काढला, त्यावर पट्ट्या अंथरल्या आणि आतल्या बाजूने पानं मांडली. पाहुणे आले, बघत राहिले. मामा म्हणाला, "हे काय, कोंबड्यांचा डालगा?" काका म्हणाले, "पहिलं पान कुठचं?" बेबी दोघांना म्हणाली, "पहिलं पान नाय. शेवटचं पण नाय. विलायतेत राजे असेच जेवतात." विलायतेचं नाव ऐकून दोघेही बसले, समोरासमोर. मला वाटलं, जमलं.

पण बेबीने पुस्तक जरा जास्तच मनावर घेतलं होतं. त्या टेबलापाशी एक जागा रिकामी असायची म्हणे. ज्याच्या मनात काही खोट नाही त्यानेच तिथे बसायचं, दुसरा कोणी बसला तर मरतो. म्हणून बेबीनेही एक पान मांडून ते रिकामं ठेवलं. काकांच्या डोक्यावर मांडवातला पंखा नव्हता, त्या रिकाम्या पानावर होता. काका बिचारे वाऱ्यासाठी सरकले, आणि बेबी ओरडली ते मी सुरुवातीला सांगितलंच.

साखरपुड्यात मरणाचं नाव! बायकांनी कपाळाला हात लावले. त्यातच दुसरं संकट उभं राहिलं. गणपत परात घेऊन गोलात शिरला होता, त्याच्यामागे माणसं बसून गोल बंद झाला, आणि आता तो मधोमध गरगर फिरत होता.

"बेबीताई, सुरुवात कुठून करू?"

"कुठूनही कर! गोल हाय!"

"अवो, कुठूनतरी करायलाच लागेल ना? ज्याला पहिला भात पडेल तो पहिला."

हे त्या राजाच्या आणि त्याच्या जादूगाराच्या डोक्यात आलं होतं की नाही, देव जाणे. आमच्या बेबीच्या आलं नव्हतं. मामाने काकांकडे पाहिलं, काकांनी परातीकडे पाहिलं. गणपत मामाकडे एक पाऊल टाकायचा, काका खाकरायचे. काकांकडे वळायचा, मामा म्हणायचा, "चला रे." मामाची माणसं खरोखरच उठायला लागली. घराच्या दारात पिंकी भिंतीला धरून उभी होती.

मी बेबीकडे पाहिलं. तिचा चेहरा पांढरा पडला होता. असा तिचा चेहरा मी आयुष्यात एकदाच पाहिलेला.

मग ती एकदम ओरडली, "बायांनो, या! सगळ्या या! दोन्ही हातांत भात घ्या!"

तिने ते रिकामं पान उचलून माझ्या हातात दिलं आणि त्या जागेतून आत शिरली. तिच्यामागे माझ्या सुना, लेकी, शेजारणी, आणि शेवटी स्वतः नवरी मुलगी पैठणी खोचून. प्रत्येकीच्या दोन्ही हातांत भाताची एकेक मूद. बेबीने प्रत्येकीला दोन-दोन पानांसमोर उभं केलं. गणपत मधे परात डोक्यावर घेऊन उभा, पळून जायला जागा नाही. बेबीने मामासमोर एक हात धरला आणि वाकडी होऊन काकांच्या बाजूच्या बाईला दम दिला, "माझ्याआधी टाकशील तर याद राख."

मग पाहुण्यांना म्हणाली, "कोण पहिला हाय ते डोळे उघडे ठेवून बघा! एक, दोन, अडीच..."

मधेच "अडीच" ऐकून काकांकडचा एक पोरगा फसकन हसला.

"तीन!"

सगळ्या पानांवर एकदम भात पडला. थोडा मांड्यांवर पडला, एक मूद मामाच्या घड्याळावर पडली. मग काका हसायला लागले, पोट धरून. मामाने घड्याळावरची शितं झटकली, आणि मला वाटलं आता हा उठणार. तो म्हणाला, "वरण पण असंच टाकणार हायत काय?"

वरण आम्ही सरळ वाढलं. तोवर पहिला कोण हे कोणाच्या लक्षात राहिलं नव्हतं. पिंकी हसत होती आणि तिचा होणारा नवरा तिच्याकडे बघत भाताबरोबर मिठाची पुडी खात होता.

बायका आल्या वाटेने बाहेर पडल्या. बेबी शेवटी निघाली आणि नेहमीसारखी चुलीकडे वळली. तुम्हाला एक सांगायचं राहिलं. लग्न असो, बारसं असो, बेबी पंगतीला बसत नाही. सगळ्यांना आग्रह करते आणि मागाहून चुलीपाशी उभ्याने खाते. आम्हाला त्याची सवय झाली होती.

माझ्या हातात ते रिकामं पान होतं. मी ते परत जागेवर मांडलं.

"बस," मी म्हटलं.

"कोण, मी? तिथं बसेल तो मरेल. पुस्तकात हाय."

"मग मर. पान वाया जातंय."

ती उभीच राहिली. "वयनी, माझं मत..."

"नाय इचारत. बस खाली."

ती बसली. पदर आवरून, अंग चोरून, जशी नवी मुलगी बसते तशी. काका उजव्या हाताला, मामा समोर. मी तिला भात वाढला, वरण वाढलं, तूप जरा जास्तच वाढलं. जिलेबी वाढायला गेले तेव्हा तिने पानावर हात आडवा धरला नाही. सगळं जेवली. जेवताना राजाविषयी, दोस्ताविषयी, कोणाविषयीही एक मत दिलं नाही.

मेली नाही. वर्षभराने बी.ए. झाली, इंग्रजीत काठावर.

पिंकीचं लग्न झालं, ती आता उरणला असते. आणि ते जे आधीचं लग्न पंगतीतून मोडलं, ज्यात वऱ्हाड उठून गेलं आणि भात थंड झाला, त्यातली हळद लागलेली नवरी बेबी होती.