कानातली बाई

यंत्र म्हटलं की उस्ताद पुढे. हे त्यांच्या कंपनीत सगळ्यांना माहीत होतं, आणि ज्यांना माहीत नव्हतं त्यांना उस्ताद स्वतःच सांगत. लिफ्ट दुरुस्त करण्यात त्यांची सगळी नोकरी गेली होती. बंद पडलेल्या लिफ्टच्या दाराला नुसता कान लावून ते म्हणत, "ब्रेक धरतोय," आणि खरोखर ब्रेकच धरत असे. त्यामुळे खरं नाव कधीच मागे पडलं होतं आणि साहेबापासून पहारेकऱ्यापर्यंत सगळे त्यांना उस्ताद म्हणत. ते नाव त्यांना शोभतही होतं, निदान त्यांच्या मते.

अशा या माणसाला एका रविवारी सकाळी मनगटावरच्या वीतभर पट्ट्याने घाम फोडला.

झालं असं की कंपनीने नवा नियम काढला. लिफ्टच्या टपावर चढून काम करणाऱ्यांची तब्येत ठणठणीत पाहिजे. म्हणून प्रत्येकाला एकेक फिटनेस बँड वाटला. रोज चाला, बँड मोबाइलला जोडा, आणि ठरलेल्या सोमवारी मोबाइल घेऊन कंपनीच्या डॉक्टरीणबाईंसमोर हजर व्हा. ज्याच्या मोबाइलमध्ये चालण्याचा पत्ता नसेल त्याची रवानगी तक्रारीच्या टेबलावर. म्हणजे दिवसभर कानाला फोन लावून लोकांना सांगत बसायचं, "आपली लिफ्ट लवकरच सुरू होईल, कृपया धीर धरा."

आयुष्यभर लिफ्ट सुरू केलेल्या माणसाने आता लोकांना धीर धरायला सांगायचं! उस्तादांना नुसत्या कल्पनेने कसंतरी व्हायचं. टपावर उभं राहून त्या उंचच उंच काळोखात वर बघताना त्यांना जे वाटायचं, ते त्यांना बायकोलाही कधी नीट सांगता आलं नव्हतं. ते सोडायला ते मुळीच तयार नव्हते.

पण काळजी मात्र तसूभर नव्हती. बँड मिळाल्या दिवशी त्यांनी डबी बायकोच्या हातात टेकवली होती, "जरा चार्जिंगला लाव गं," म्हणाले होते आणि अंघोळीला गेले होते. बाहेर येऊन बघतात तर बँडवर वेळ एकदम बरोबर.

"बघ," ते बायकोला म्हणाले होते. "चांगलं यंत्र असं असतं. न सांगता वेळ लावून घेतली."

"अहो, ती वेळ ना..." बायको सांगायला गेली.

"तुला नाही कळायचं ते. आतमध्ये सोय असते."

बायको एका इस्पितळात एक्स-रे काढायची. समोरच्या माणसाच्या आत काय आहे हे बघून गप्प राहायची तिला सवय होती. ती गप्प राहिली.

तेव्हापासून बँड उस्तादांच्या मनगटावर होता. फोनला जोडायचं तेवढं राहिलं होतं. "पाच मिनिटांचं काम आहे," असं ते रोज म्हणत. आणि चालणं? तेही रोज. संध्याकाळी चहा झाला की बूट घालून, "फिरून येतो," असं दारातून ऐकू जाईल इतक्या मोठ्याने सांगून ते बाहेर पडत. अंधार पडता पडता परत येत, तोंडावर पाणी मारत आणि म्हणत, "काय मोकळं वाटतं म्हणून सांगू!"

तर त्या रविवारी, म्हणजे डॉक्टरीणबाईंच्या आदल्याच दिवशी, उस्ताद जेवणाच्या टेबलाशी बसले. समोर मोबाइल, शेजारी चष्मा, आणि कारण नसताना एक स्क्रू ड्रायव्हर. सासूसासरे चार दिवसांसाठी राहायला आले होते. सासूबाई स्वयंपाकघरात लेकीला मदत करत होत्या. सासरेबुवा पलीकडच्या खोलीत आरामखुर्चीत होते. गुडघा दुखायला लागल्यापासून त्यांनी त्या खुर्चीशी जो संसार थाटला होता, तो सासूबाईंनी हातापाया पडूनही मोडत नव्हता. मुलीकडे आले तरी त्यांनी पहिली चौकशी खुर्चीची केली होती.

"अहो, तो बँड जोडताय का?" बायकोने आतून विचारलं. "मी काय म्हणते..."

"मध्ये बोलू नकोस. उस्ताद काम करतोय."

फोनने आधी विचारलं, तुम्ही कुठे आहात हे मला कळू द्याल का? उस्ताद हसले. बँड यांच्या हातात, फोन यांच्या हातात, आणि हा विचारतो तुम्ही कुठे आहात. बरं बाबा, घे. मग फोन शोधायला लागला. चकती फिरली, फिरली, आणि उत्तर आलं, बँड सापडला नाही.

"सापडला नाही म्हणजे? हा काय माझ्या हातात!" उस्तादांनी मनगट फोनला चिकटवलं. फोनला ओळख पटेना. त्यांनी फोन बंद करून सुरू केला. बँड काढून फुंकर मारली, परत घातला. नाहीच.

शेवटी त्यांनी आडवाट धरली. फोनच्या सेटिंगमध्ये गेले आणि आसपास जे काही जोडण्यासारखं असेल त्याची नावं बघायला लागले. पहिलं नाव दाबलं, तर भिंतीपलीकडून शेजारच्या शिंपीकाकांचा आवाज आला, "अरे, ऐन मॅचमध्ये टीव्हीवर कोण आकडे मागतंय?" उस्तादांनी ते नाव गुपचूप सोडून दिलं.

इतक्यात यादीत एक नवीन नाव उगवलं. नुसती अक्षरं आणि आकडे. आत्ताच उगवलंय म्हणजे बँडच असणार, दुसरं काय? उस्तादांनी दाबलं. फोन क्षणभर थबकला आणि म्हणाला, जोडलं गेलं.

"झालं!" उस्तादांनी स्क्रू ड्रायव्हर टेबलावर ठेवला. "पाच मिनिटं म्हणालो होतो की नाही?"

आता हे जे जोडलं गेलं होतं ते होतं सासरेबुवांचं कानाचं यंत्र. डुलकी काढताना ते यंत्र डबीत ठेवत आणि उठल्यावर कानात घालत. नुकतंच डबीतून काढलेलं हे यंत्र पहिली काही मिनिटं जवळच्या कुठल्याही फोनशी दोस्ती करायला तयार असतं. सासरेबुवांची डुलकी नेमकी तेव्हाच संपली होती. उस्तादांना यातलं काहीही माहीत नव्हतं आणि सासरेबुवांना तर त्याहून नव्हतं.

उस्तादांनी मोठ्या ऐटीत बँडचं ॲप उघडलं. ॲप म्हणालं, बँड सापडला नाही.

उस्तादांनी डोकं खाजवलं. यंत्राशी भांडण्यात अर्थ नसतो, त्याची माहिती घ्यायची असते, असं ते नव्या पोरांना शिकवत. त्यांनी बँड जोडण्याची माहिती देणारा व्हिडिओ शोधून काढला. एक हसतमुख बाई पडद्यावर आली, ओठ हलवायला लागली, आणि आवाज काही येईना. उस्तादांनी आवाज वाढवला. तरी नाही. मग पूर्ण वाढवला.

पलीकडच्या खोलीत सासरेबुवा खुर्चीत ताठ झाले. त्यांच्या दोन्ही कानांत एक बाई खणखणीत आवाजात म्हणाली होती, "नमस्कार! घाबरू नका, हे अगदी सोपं आहे."

कानाचं यंत्र देणाऱ्या डॉक्टरांनी म्हटलंच होतं, हळूहळू नवनव्या सोयी कळत जातील. ही त्यातलीच एक असणार. सासरेबुवा जन्मभर शाळेत कवायत शिकवत आलेले, वरून आलेला हुकूम त्यांनी कधी मोडला नव्हता. ते सावरून बसले.

"मनगट चेहऱ्यासमोर आणा," बाई म्हणाली. सासरेबुवांनी आणलं.

"पट्टा काढून पुन्हा नीट घाला." सासरेबुवांनी घड्याळ काढलं आणि पुन्हा नीट घातलं.

"आता उभे राहा, हात मोकळे सोडा आणि थोडं चालून दाखवा."

हे जरा अवघड होतं. सासरेबुवांनी गुडघ्याकडे बघितलं. पण बाईंनी इतक्या गोड आवाजात सांगितल्यावर बसून राहणं बरं दिसलं नसतं. ते उठले. हात मोकळे सोडले आणि भिंतीपर्यंत चालून दाखवलं.

इकडे उस्तादांना वाटलं, फोनचा आवाजच बिघडलेला दिसतो. ऐकू येत नाही तर निदान बाई काय करते ते बघून शिकू. चालण्याचा भाग त्यांना नीट कळला नव्हता. त्यांनी बोटाने व्हिडिओ मागे ओढला.

"आता उभे राहा, हात मोकळे सोडा आणि थोडं चालून दाखवा," बाई म्हणाली.

सासरेबुवा परत निघाले. उस्तादांनी पुन्हा मागे ओढलं. सासरेबुवा पुन्हा भिंतीकडे. तिसऱ्या फेरीला त्यांची लय बसली, चौथ्या फेरीला छाती पुढे आली, आणि मग कवायतीची जुनी सवय उसळून ते तोंडाने "डावा, उजवा" म्हणत खोलीभर दणदणा चालायला लागले.

आवाज ऐकून सासूबाई लाटणं घेऊनच धावत आल्या आणि दारात थिजल्या. "अगं बाई, यांना काय झालं! उठा म्हटलं तर पायावर पाय टाकणारा माणूस!"

"गप्प," सासरेबुवा चालता चालता म्हणाले. "बाई सांगतायत."

"कोण बाई?"

"कानात आहेत. फार गोड बोलतात."

सासूबाईंच्या कपाळावर आठी चढली. "इतकी वर्षं मी घसा कोरडा करतेय, तेव्हा हललात का? आणि आज कुठल्या बाईने गोड सांगितलं तर लगेच डावा, उजवा?"

बायको आली, पाठोपाठ हातात फोन घेऊन उस्तादही आले. सासरेबुवा अचानक थांबले आणि हात वर करून त्यांनी सगळ्यांना शांत केलं. ते लक्ष देऊन ऐकत होते. उस्तादांच्या फोनमध्ये बाई अजून बोलतच होती.

"बाई म्हणतायत," सासरेबुवांनी जाहीर केलं, "की एवढं करूनही बँड सापडत नसेल, तर तो आधीच दुसऱ्या कुणाच्या तरी फोनला जोडलेला आहे. घरात चौकशी करा."

उस्तादांनी हातातल्या फोनकडे बघितलं, पडद्यावरच्या बाईच्या ओठांकडे बघितलं, मग सासऱ्यांच्या कानांकडे बघितलं. बऱ्याच वेळाने त्यांच्या डोक्यात लिफ्ट त्या मजल्याला लागली.

"घरात दुसरा फोन कुणाचा?" त्यांनी हळूच विचारलं.

"माझा," बायको म्हणाली. "त्या दिवशी चार्जिंगला लावला तर तो वेळच दाखवेना. फोनला जोडल्याशिवाय सुरूच होत नाही म्हणे. म्हणून दिला माझ्या फोनला जोडून. दोनदा सांगायला गेले, तर तुम्ही म्हणालात आतमध्ये सोय असते."

उस्तादांना अपमान वाटायला हवा होता, पण आधी जीव भांड्यात पडला. म्हणजे सगळं आहे! रोजचं चालणं बायकोच्या फोनमध्ये सुखरूप आहे. टप वाचला, तक्रारीचं टेबल टळलं. "मग दाखव की," ते आनंदाने म्हणाले. "बघू दे आईबाबांनाही, जावई किती चालतो ते."

बायकोने फोन उघडला. "हे दिवसाचं चालणं. कामावर जेवढं होतं तेवढं. आणि ही संध्याकाळ. रोज तुम्ही फिरायला जाता ना, त्या वेळेला इथे चंद्राचं चित्र येतं."

"संध्याकाळी चंद्र येतोच," उस्ताद म्हणाले.

"चंद्र म्हणजे झोप."

आता लपवण्यात अर्थ नव्हता. इमारतीच्या गच्चीवर लिफ्टच्या यंत्राची खोली होती आणि तिची किल्ली उस्तादांकडे होती. आत एक जुनी खुर्ची होती. मोटारीचा तो संथ घुंघुं आवाज कानावर पडला की त्यांचे डोळे आपोआप मिटत. सुरुवातीला ते खुर्चीत बसून हात पुढेमागे हलवत, म्हणजे बँडला वाटावं माणूस चालतोय. पण हात हलवता हलवताच डोळा लागायचा. आणि गच्चीवर जायलासुद्धा ते लिफ्टनेच जात.

"तुला कधीपासून माहीत आहे?" उस्तादांनी विचारलं.

"पहिल्या चंद्रापासून. म्हटलं, बघू, उस्ताद झोपेत कुठवर चालतात. पण उद्या डॉक्टरीणबाई आहेत म्हणून सकाळपासून सांगायला बघतेय, तर तुम्ही म्हणता मध्ये बोलू नकोस." मग ती जरा मऊ आवाजात म्हणाली, "टपावरचं काम गेलं तर तुम्ही घरात कसे वागाल हे मला माहीत आहे. मलाच ते नकोय."

सोमवारी बायकोचा फोन घेऊन बायकोसह उस्ताद हजर झाले. डॉक्टरीणबाईंनी बराच वेळ बघितलं. चालणं बेताचं, त्या म्हणाल्या, पण इतकी शांत झोप सबंध कंपनीत कुणाचीच नाही. एक महिन्याची मुदत मिळाली. बँड माझ्या फोनला जोडून दे, असं उस्तादांनी घरी आल्यावर सुचवून पाहिलं. तो जिथे आहे तिथेच बरा आहे, असं ठरलं. गच्चीची किल्लीही बायकोच्या पर्समध्ये गेली. सासरेबुवांचं यंत्र मात्र उस्तादांनी स्वतःच्या हाताने फोनमधून तोडून टाकलं, आणि दोनदा तपासून खात्री करून घेतली.

त्या संध्याकाळी जावई आणि सासरे दोघे फिरायला निघाले. सासूबाईंनी चार दिवसांचा मुक्काम महिन्याचा केला होता, कारण इतक्या वर्षांत नवरा पहिल्यांदाच आपणहून बूट शोधत होता. कोपऱ्यावरच्या बागेला एक फेरी झाली आणि उस्तादांना झाडाखाली एक बाक दिसला. छान सावली, छान वारा. ते सहज म्हणाल्यासारखं म्हणाले, "बाबा, गुडघ्याला जरा विश्रांती देता का? माझं काही नाही, तुमच्यासाठी म्हणतोय."

सासरेबुवा थांबले. त्यांनी कानावर बोट ठेवलं, मान कलती करून क्षणभर ऐकलं आणि गंभीरपणे मान हलवली.

"जावईबापू," ते म्हणाले, "बाई नको म्हणतायत."

आणि डावा, उजवा करत पुढे निघाले. यंत्र फोनपासून तोडलेलं होतं, हे जगात फक्त उस्तादांना माहीत होतं. पण ते सांगायचं म्हणजे कुणी जोडलं होतं तेही सांगावं लागलं असतं. उस्ताद मुकाट्याने त्यांच्यामागून चालायला लागले.