खारीची एक तासाची झोप

गप्प बसा, मुलांनो. एकदाच सांगणार आहे.

एका जंगलात मोठा दवाखाना होता. तिथला मोठा डॉक्टर म्हणजे अस्वल. त्याच्या हाताखाली खार डॉक्टरकी शिकत होती. तीन दिवस तिच्या डोळ्याला डोळा लागला नव्हता.

चौथ्या दिवशी सकाळी हरिणी आपल्या पाडसाला घेऊन आली. पाडसाचा मागचा डावा पाय मोडला होता. दुपारच्या आत हाड बसवलं नाही, तर ते जन्मभर लंगडणार होतं. लंगडं हरीण जंगलात किती दिवस टिकतं, ते तुम्हाला कळतं.

खार म्हणाली, "सर, एकाचे दोन दिसताहेत. तासभर झोपू द्या. मग पाय बसवते."

अस्वल गुरगुरलं, "आमच्या वेळी आम्ही आठ-आठ दिवस उभे असायचो."

"आणि पेशंट, सर?"

"ते आडवे असायचे. जा, झोप. एकच तास."

खार बाकावर कलंडली. हरिणी राखणीला उभी राहिली.

तेवढ्यात कोल्हा आला. शिकाऊ डॉक्टरांना झोप मिळत नाही, अशी तक्रार सिंहमहाराजांकडे गेली होती. महाराजांनी कोल्ह्याला पाहणीला धाडलं होतं. हातात चाळीस प्रश्नांचा फॉर्म.

त्यानं खारीला हलवलं. "मॅडम, झोप गाढ लागते का?"

"लागत होती."

"होती की आहे? एकाच चौकटीत खूण करा."

खार पेंगली. कोल्ह्यानं पुन्हा हलवलं.

हरिणी कळवळली. "अहो साहेब, झोपू द्या की तिला! माझ्या लेकराचा पाय तिच्या हातात आहे."

"बाई, तिच्या झोपेसाठीच तर आलोय. मॅडम, प्रश्न तेरावा."

चाळिसावा प्रश्न संपला. तासही संपला.

हरिणीला बाहेर बसवलं. आत खारीनं मागच्या उजव्या पायाला फळ्या बांधल्या. सुरेख बांधल्या.

पाडस ओरडलं, "ताई, दुसरा पाय!"

अस्वलानं डोळे वटारले. "गप रे. इथं डॉक्टर कोण आहे?"

हरिणीला आत सोडलं तेव्हा संध्याकाळ झाली होती. हाड वाकडंच राहिलं.

कोल्ह्यानं अहवाल दिला: 'झोपेचा दर्जा उत्तम. प्रश्न विचारता विचारता डॉक्टर सात वेळा झोपी गेल्या.' महाराज खूश झाले. अशी पाहणी रोज करायचा हुकूम निघाला.

तात्पर्य: एक पाय मोडला, तर उरलेले तीनही मोडून मगच दवाखान्यात जावं. म्हणजे डॉक्टर झोपेत असला तरी चुकत नाही.