तोताराम मिस्त्रींची फुंकणी

तोताराम मिस्त्री कुणालाही रामराम घालण्याआधी त्याचा उजवा हात धरत आणि हुंगत. मी मेहकरला नवा वकील म्हणून आलो तेव्हा ही इथली रीतच असावी असं समजून हात निमूटपणे पुढे धरून उभा राहिलो होतो.

"शाई," मिस्त्री म्हणाले. "अन् थोडी तपकीर. चालते. या, बसा."

ते वास शोधत होते पेट्रोलचा. उभ्या बुलढाणा जिल्ह्यात दोनच धंदे चालतात, एक शेती आणि दुसरा लोकांच्या टाकीत नळी घालून पेट्रोल ओढण्याचा, असं त्यांचं ठाम मत होतं. दुरुस्तीला आलेल्या प्रत्येक गाडीच्या टाकीच्या झाकणावर ते लाख वितळवून ओतत आणि वर स्वतःचा अंगठा उमटवत. एकदा त्यांच्या दुकानात गाडीखाली झोपलेल्या कुत्र्याला त्यांनी पाना फेकून हाकललं.

"मिस्त्री, कुत्रं काय पेट्रोल पितं?"

"पेत नाही. पण ज्यानं नळी लावली तो वरून कुत्रं बसोते. कोनाले शक येत नाही. वकीलसाहेब, तुमी कधी खात्री करत नाही, हेच तुमचं वाईट हाय."

'खात्री केली का?' हे त्यांचं पालुपद. दुकानात चहा आला की कपात डोकावून ते चहावाल्यालाही हेच विचारत.

संयुक्त महाराष्ट्र होऊन चारपाच वर्षं झाली असतील. मी एक जुनी, दुसऱ्या महायुद्धाच्या आधीची काळी मोटार घेतली होती. घेताना खात्री अर्थातच केली नव्हती. ती गाडी पेट्रोल पीत नसे, प्राशन करत असे. चढ आला की तिला दम लागे आणि मागून येणारी एसटी हॉर्न वाजवत पुढे निघून जाई. एसटीतले माझे पक्षकार खिडकीतून हात हलवत. वकिलाच्या अब्रूला ते बरं नव्हतं.

मिस्त्री लढाईत फौजेच्या वर्कशॉपात होते. तिथं त्यांनी विमानाचं एक इंजिन पाहिलं होतं. त्या इंजिनाचा धूर बाहेर पडताना एक पंखा फिरवी. त्या पंख्याच्याच दांड्यावर दुसरा पंखा होता, तो इंजिनात हवा कोंबे. मिस्त्रींच्या मनातून ती जोडी कधी गेली नाही.

"चुलीले फुंकणी असते, तशी इंजनाले फुंकणी," ते म्हणाले. "अन् फुंकणारा कोन? धूर! फुकटचा. आपन त्याले उगीच वाऱ्यावर सोडून राह्यलो."

"म्हणजे पेट्रोल कमी लागेल?"

"तुमच्या घरी चूल हाय ना? इचारा वहिनीले."

मी घरी येऊन विचारलं. बायको भाजी चिरत होती. ती म्हणाली, "फुंकणीनं लाकूड वाचतं. पण आधण आलं की फुंकणं थांबवलं, तर. फुंकतच बसलात तर चूल दुप्पट खाते."

यातलं पहिलं वाक्य मी ऐकलं. वकिलाला आपल्या बाजूचं तेवढंच ऐकायची सवय असते.

पितळी पंप, कुठल्याशा गिरणीतले पंखे आणि देवाची कृपा यांतून मिस्त्रींनी महिनाभरात फुंकणी बनवली आणि गाडीला बसवली. गाडी बदलली! चढावर बारीक शीळ घालत वर जायची. पहिल्याच दिवशी मी एसटीला मागं टाकलं आणि खिडकीतल्या पक्षकारांना हात केला. पुढच्या दिवशी पुन्हा. एकदा तर एसटी दिसेना म्हणून मी नाक्यावर पंधरा मिनिटं तिची वाट पाहत थांबलो.

आणि पेट्रोल? ते पूर्वीपेक्षा जास्त जाऊ लागलं.

टाकी मोजायला मी तुराटीवर खुणा करून ठेवल्या होत्या. तुराटी टाकीत बुडवायची आणि किती बोटं ओली झाली ते पाहायचं. रोज सकाळी ती दोन बोटं जास्त कोरडी निघायची. आता माझ्यातला वकील जागा झाला. दर आठवडी बाजाराला मिस्त्री 'पंखं पाहाले' म्हणून गाडी ठेवून घेत आणि ट्रायलला नेत. ट्रायल कुठं? सांगत नसत. मग एका पक्षकारानं बातमी आणली, "साहेब, तुमची गाडी साखरखेर्ड्याले निंबाखाली उभी असते. बॉनेट उघडं, अन् मिस्त्री बिडी पेत बसलेले."

झालं. साखरखेर्ड्यात गिऱ्हाईक आहे, माझं पेट्रोल तिथं विकलं जातं, हे मी मनात सिद्धसुद्धा करून टाकलं. जगाचे हात हुंगणाराच चोर! केवढी चलाखी!

पुढच्या बाजाराच्या दिवशी, दुकानासमोर वीसपंचवीस माणसं असताना, मी उलटतपासणी सुरू केली. "मिस्त्री, मागच्या बाजाराला तुम्ही साखरखेर्ड्याला होतात की नव्हतात? हो की नाही एवढंच सांगा."

"होतो."

"कशाला?"

मिस्त्रींनी पाना उचलला आणि बॉनेटमध्ये डोकं घातलं.

मग मी जे केलं ते आठवलं की आजही कान गरम होतात. मी पुढं होऊन त्यांचा उजवा हात धरला आणि हुंगला. "पेट्रोल!" मी विजयानं ओरडलो.

"वकीलसाहेब," गर्दीतला भाजीवाला म्हणाला, "मेक्यानिकच्या हाताले मंग काय बेसनाचा वास येईन?"

बाजार हसला. मिस्त्री हसले नाहीत. हात सोडवून ते फडक्याला पुसत राहिले, बराच वेळ. मग म्हणाले, "टाकी काठोकाठ भरा. अन् एक डबा मोजून संग घ्या. साखरखेर्ड्यालेच जाऊ. मी चालोतो, तुमी बाजूले बसा. खात्री करून घ्या."

त्या दिवशी मिस्त्रींनी गाडी कशी चालवली! एक बैलगाडी बराच वेळ आमच्या बरोबरीनं चालली होती आणि गाडीवान मिस्त्रींशी पिकापाण्याचं बोलत होता. चढ लागला. शीळ अगदी हलकी येत होती.

"दाबा ना," मी म्हणालो.

"काऊन? चढून तं राह्यली."

मागून एसटी आली, हॉर्न वाजवत पुढं गेली. खिडकीतून कुणीतरी हात हलवला. मी मान फिरवली.

साखरखेर्ड्याला निंबाखाली गाडी थांबली. डब्यातलं पेट्रोल मोजून टाकीत ओतलं. डोह भरावा इतकं ओतावं लागेल म्हणून मी डबा घट्ट धरला होता, पण टाकी लवकरच काठोकाठ झाली. फुंकणी नव्हती तेव्हा एवढ्याच रस्त्याला याच्या सव्वापट लागायचं. मी दोनदा खात्री केली.

"मग माझं पेट्रोल जातं कुठं?"

मिस्त्रींनी माझ्या उजव्या पायाकडं पाहिलं. चांगलं निरखून, आरोपीकडं पाहावं तसं. "फुंकणी जोर देते, साहेब. जोर आला की तुमी तो लगेच उधळता. माझ्या ट्रायलचं पेट्रोल मी माझं टाकतो. ते टाकलं की मंगच झाकनावर अंगठा उमटोतो."

मी माफी मागितली. तोंडातल्या तोंडात, पण मागितली. "तुम्हाला राग नाही आला?"

"तुमी निदान संग येऊन खात्री केली. मी नव्हती केली."

समोर निळ्या दाराचं घर होतं. तिकडं पाहतच ते बोलत राहिले. ते त्यांची मुलगी शांता हिचं सासर. पाच वर्षांपूर्वीच्या लग्नात वरातीच्या ट्रकमधलं पेट्रोल कमी निघालं. मिस्त्रींनी भर मांडवात व्याह्यांचा हात हुंगला आणि सगळ्या वऱ्हाडादेखत त्यांना चोर म्हटलं.

"रॉकेल होतं ते," मिस्त्री म्हणाले. "माह्याच पोरीच्या लग्नातल्या गॅसबत्त्या भरत होता तो मानूस. पोरगी नांदाले गेली. मले मात्र ते दार बंद झालं."

म्हणून हा निंब. दुरुस्तीला आलेली कुठलीही गाडी इथं आणायची, बॉनेट उघडून बसायचं, म्हणजे लोकांना वाटावं, गाडी बंद पडली. थोड्या वेळानं शांता तांब्या घेऊन बाहेर येई, परक्या वाटसरूला विचारावं तसं विचारी, "गाडी बिघडली का हो?" ते म्हणत, "हाव, बाई." पाणी पीत, आणि निघत. पाच वर्षांत बापलेकीचं एवढंच बोलणं.

आम्ही बोलत होतो तेवढ्यात निळं दार उघडलं. पण तांब्या घेऊन शांता नाही आली, फेटा बांधलेले एक उंच गृहस्थ बाहेर आले. व्याही! ते रस्ता ओलांडून सरळ गाडीपाशी आले. मिस्त्रींनी हातातली बिडी घाईनं विझवली.

"दर बाजाराले गाडी आमच्याच दारात बिघडते," व्याही म्हणाले. "आज काय बिघडलं?"

मी मिस्त्रींकडं पाहिलं. नेहमीसारखं काहीतरी बिघडलं म्हटलं की ते सुटणार होते. पाणी, बॉनेट, परतीचा रस्ता.

"काही नाही बिघडलं, इवाई," मिस्त्री म्हणाले. "गाडी चांगली हाय. आधीबी कधी बिघडली नव्हती. मीच..."

व्याह्यांनी गाडीभोवती एक चक्कर मारली. बॉनेट उघडून आत वाकून पाहिलं. "ह्ये पितळेचं काय हाय?"

"फुंकणी."

"चालते?"

"पाहा ना चालवून."

आणि मिस्त्रींनी दार उघडून त्यांना माझ्या गाडीत स्टिअरिंगपाशी, माझ्या जागेवर बसवलं आणि स्वतः बाजूला बसले. मला विचारलंसुद्धा नाही! गाडी हलली आणि वेशीकडं अशी उधळली की शीळ गावभर ऐकू आली. मोजून भरलेलं माझं पेट्रोल धुरळ्यात जाताना मी पाहत राहिलो.

मागं पावलं वाजली. शांता उभी होती. हात पिठाचे, डोळे रस्त्याकडं.

"काका, तुमी बाबाच्या संगचे ना? बाबा आता किती भाकरी खाते हो? पह्यले तीन खात. पाच वर्सं झाले, मले मालूम नाही."

गेले दोन महिने मी त्या माणसावर पाळत ठेवून होतो. कुठं जातो, कुणाला भेटतो, किती वेळ थांबतो, सगळं मला पाठ होतं. ते एकटे दुकानाच्या मागं काय शिजवतात आणि किती खातात, हे मात्र मी कधी पाहिलं नव्हतं.

"चार टाक," मी म्हणालो.