बाईसाहेब रवंथ करेनात

"चघळतेय ना?" बायकोने फोनवर पहिलाच प्रश्न टाकला. नवरा जेवला का, हे विचारायचं तिच्या ध्यानीमनीही नव्हतं.

"चघळतेय की! तोंडाला विश्रांती नाही!" घड्याळवाल्यांनी ठोकून दिलं आणि गोठ्यात डोकावून पाहिलं. गाय धापा टाकत ढिम्म उभी होती. रवंथाचं नाव नाही.

बायको बहिणीच्या बाळंतपणाला गेली होती. जाताना बजावून गेली होती, "रवंथ थांबला तर लगेच कळवा. मी असेन तशी निघून येईन." आता बाळंतिणीला टाकून तिला पळत यायला लावायचं, म्हणजे एक गाय सांभाळता आली नाही अशी स्वतःच दवंडी पिटायची! त्यापेक्षा थापा मारलेल्या बऱ्या. थाप टिकवायला मग सकाळ, दुपार, संध्याकाळ आपणहून फोन करणं आलं.

उन्हाने कहर मांडला होता. दुपारी दुकान बंद करून घड्याळवाले घरी येत आणि गाईसमोर ठाण मांडून बसत. घरातला पंखा गोठ्यात गेला, त्यामागून ओली पोती गेली. शेवटी ते स्वतःच तोंड हलवू लागले. "असं. सावकाश. जमेल, बाईसाहेब."

भिंतीपलीकडून शेजारच्या वहिनींनी विचारलं, "भावोजी, जेवताय का?"

"नाही, शिकवतोय."

बाईसाहेबांनी मान फिरवली. घड्याळवाल्यांचा धीर सुटला आणि त्यांनी जनावरांच्या डॉक्टरांना बोलावलं.

डॉक्टरांनी गाय तपासली. "अहो, ठणठणीत आहे. पोटातली चक्की चालली की अंग आणखी तापतं. म्हणून भर उन्हात ती खाणं, रवंथ कमी करते आणि गारव्यात भरून काढते. सावली ठेवा, पाणी भरपूर ठेवा. पहाटे करते ना रवंथ?"

घड्याळवाले उगाच पंखा नीट करू लागले. गावभराचे गजर दुरुस्त करणाऱ्या या माणसाला स्वतःला कुठल्याच गजराने जाग येत नसे. पहाटेची वैरण आणि धार वहिनी उरकत.

"पहाटेचं... तसं छातीठोक सांगता येणार नाही."

भिंतीपलीकडे वहिनींना खोकल्याची उबळ आली.

त्या रात्री दुरुस्तीला आलेली सगळी घड्याळं उशाशी लागली. पहाटे घरात असा काही कल्लोळ उठला की घड्याळवाले अनवाणीच गोठ्यात पोहोचले. गार वारा सुटला होता. बाईसाहेब पाय मुडपून बसल्या होत्या आणि डोळे मिटून निवांत चघळत होत्या. घड्याळवाल्यांना अगदी भरून आलं. त्यांनी तिथूनच फोन लावला.

"अगं, मी थापा मारल्या. दुपारी ती चघळतच नव्हती. पण आता चघळतेय बघ!"

"माहितीय. धार काढून झाली की वहिनी रोज कळवतात मला."

"मग बोलली का नाहीस? इकडे माझा जीव टांगणीला!"

"लग्नाला इतकी वर्षं झाली. दिवसातून तीन-तीनदा फोन कधी केला होतात? म्हटलं, गाईच्या निमित्तानं का होईना."

घड्याळवाल्यांनी गाईच्या मानेवरून हात फिरवला.

"बरं... ठेवू मग?"

"नको," बायको म्हणाली. "ती चघळतेय तोवर बोला."